काटा टायरमध्येच!

दोस्तांनो, मुर्रीहून गोंदियाला शाळेत सायकलनं जाता ना? मग चाक नेमकं परीक्षेच्याच दिवशी बसतं, हे ठाऊक असेलच!

माझंही बसलं. पंक्चर काढलं, थोडं पुढे जातो तर पुन्हा फुस्स! ट्यूब बदलली, तीही गेली. पेपरचा अर्धा तास बुडाला. घरी येऊन टायरच्या आत बोट फिरवलं, तर बाभळीचा काटा तिथंच!

म्हणून आधी टायर चाचपा, जपून हं. ठिगळ लावताना ट्यूब कोरडी करून घासा, सोल्युशन जरा सुकू द्या. हवा हळूहळू जातेय? व्हॉल्ववर थुंकीचा थेंब लावा. बुडबुडा आला, तर आतली रबरी नळी बदला. (डनलॉपनं १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तेही मुलाच्या तिचाकीच्या खटाटोपातून!) चेनला तेल द्या, रिमला थेंबही नको, ब्रेक लागणार नाही. पंप कॅरियरला जुन्या ट्यूबच्या पट्टीनं बांधा, खड्ड्यातही पडत नाही.