चर्चमधलं कम्युनियन म्हणजे प्रसाद नाही! मग ते कुणाला मिळतं, कुणाला नाही आणि का?

समजा, वसईत तुमच्या मित्राचं लग्न आहे. चर्चमध्ये मिस्सा सुरू आहे. गाणी मराठीत, प्रार्थनाही मराठीत. शेवट जवळ आल्यावर बाकांवरचे लोक उठतात, मधल्या वाटेत रांग लागते. धर्मगुरू एकेकाच्या हातावर किंवा जिभेवर पातळ, पांढरी, गोल चकती ठेवतात. तुम्हाला वाटतं, प्रसाद वाटतायत. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? म्हणून तुम्हीही रांगेत उभे राहता. तुमचा नंबर येतो आणि धर्मगुरू हळू आवाजात विचारतात, "तुम्ही कॅथलिक आहात का?" तुम्ही नाही म्हणता. ते हसून हात मागे घेतात.

वाईट वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे सत्यनारायणाचा शिरा शेजारच्या डिसोझांच्या घरीही जातो. गुरुद्वारात लंगरला बसणाऱ्याची जात-धर्म कुणी विचारत नाही. मग इथेच ही अट का? असा प्रश्न एखाद्याने पोस्टमध्ये विचारला की खाली दोन तट पडतात. एक म्हणतो, हा भेदभाव आहे. दुसरा म्हणतो, आमच्या धर्मात बोलू नका. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र कुणीच देत नाही. ते समजून घेऊया.

हा घोळ पंतप्रधानांच्या बाबतीतही झालाय

जुलै २००९. कॅनडाचे माजी गव्हर्नर जनरल रोमिओ लेब्लांक यांचे अंत्यसंस्कार न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मेमरामकुक इथल्या कॅथलिक चर्चमध्ये होते. तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर पहिल्या रांगेत बसले होते. ते प्रोटेस्टंट. कम्युनियन वाटलं जात असताना त्यांच्याही हातावर ती चकती ठेवली गेली, त्यांनी ती घेतली. पण कॅमेऱ्यात त्यांनी ती तोंडात टाकलेली दिसली नाही. झालं! पंतप्रधानांनी चकती खिशात घातली, असा आरोप एका स्थानिक वृत्तपत्राने छापला आणि व्हिडिओ जगभर फिरला. आपण ती खाल्ली, असं हार्पर यांच्या बाजूने सांगण्यात आलं. वृत्तपत्राला त्याच महिन्यात माफी मागावी लागली.

एका नाण्याएवढ्या चकतीवरून एवढा गदारोळ का, हे त्या चकतीला कॅथलिक लोक काय मानतात ते कळल्याशिवाय समजत नाही.

ती चकती नेमकी काय असते?

बनवायला ती अगदी साधी असते. गव्हाचं पीठ आणि पाणी, बस्स. यीस्ट नाही, मीठ नाही, साखर नाही. पीठ गव्हाचंच हवं असा नियम आहे. ग्लुटेनचा त्रास असणाऱ्यांसाठी कमी ग्लुटेनची चकती चालते, पण ग्लुटेन पूर्णपणे काढून टाकलेली चालत नाही.

येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडून दिली, हे माझं शरीर आहे असं म्हटलं, द्राक्षारसाला आपलं रक्त म्हटलं आणि माझ्या आठवणीसाठी हे करत राहा, असं सांगितलं. मिस्सामध्ये धर्मगुरू तेच शब्द उच्चारतात. कॅथलिक श्रद्धा अशी की त्या क्षणापासून ती भाकर भाकर उरत नाही. रंग, चव, वास सगळं आधीसारखंच राहतं, प्रयोगशाळेत तपासलं तरी पीठच सापडेल. पण ती वस्तू मुळात जी होती ती राहत नाही, ती ख्रिस्ताचं शरीर होते. या शिकवणुकीला 'ट्रान्ससबस्टॅन्शिएशन' म्हणतात. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने हा शब्द वापरला आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने तो ठामपणे पुन्हा मांडला. म्हणूनच मराठी कॅथलिक कम्युनियनला 'ख्रिस्तशरीर' म्हणतात.

यावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्यांचा तो विश्वास आहे त्यांच्यासाठी ती चकती म्हणजे देवाला दाखवून वाटलेला नैवेद्य नाही, तर स्वतः देवच आहे. आपला प्रसाद हा देवाकडून आलेला आशीर्वाद, तो जितक्या हातांत जाईल तितकं चांगलं. कम्युनियन घेणारा मात्र रांगेत एक जाहीर कबुली देत असतो. धर्मगुरू म्हणतात, "ख्रिस्ताचं शरीर". घेणारा म्हणतो, "आमेन", म्हणजे होय, माझा यावर विश्वास आहे आणि मी या मंडळीतला आहे. जो हे मानत नाही त्याच्या तोंडून ते वदवून घेणं चर्चला चुकीचं वाटतं.

गोंधळात भर म्हणजे हिंदी भाषक कॅथलिक कम्युनियनला 'परमप्रसाद' म्हणतात. शब्द ओळखीचा, अर्थ वेगळा.

मग नियम काय सांगतात?

१९८३ च्या कॅथलिक कायदेसंहितेत हे सगळं लिहिलेलं आहे. थोडक्यात असं:

• घेणाऱ्याचा बाप्तिस्मा झालेला हवा आणि तो कॅथलिक हवा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती स्वतःहून मागत असतील आणि त्यांची मनाची तयारी असेल, तर त्यांना देता येतं. प्रोटेस्टंटांसाठी अटी बऱ्याच कडक आहेत. त्यामुळे अहिल्यानगरचा प्रोटेस्टंट माणूस, जो स्वतःच्या चर्चमध्ये 'प्रभुभोजन' घेतो, त्यालाही कॅथलिक चर्चमध्ये ते सहसा मिळत नाही. म्हणजे ही रेघ फक्त हिंदू-ख्रिस्ती अशी नाही.

• मुलांना आपण काय घेतोय याची समज हवी. साधारण सातव्या वर्षानंतर, शिकवणी पूर्ण झाल्यावर 'प्रथम ख्रिस्तशरीर' दिलं जातं.

• घेण्याआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. वृद्ध आणि आजारी माणसांना, त्यांची काळजी घेणाऱ्यांना सूट आहे. पूर्वी हा उपवास मध्यरात्रीपासून असायचा.

• गंभीर पाप केल्याची जाणीव असेल, तर आधी धर्मगुरूंजवळ पापनिवेदन करायचं. गंभीर पाप म्हणजे काय, हेही ठरलेलं आहे: गोष्ट गंभीर हवी, ती चुकीची आहे हे पूर्ण माहीत हवं आणि तरीही स्वतःच्या मर्जीने केलेली हवी. सकाळी बायकोवर आवाज चढला म्हणून कुणी रांगेतून बाहेर पडण्याची गरज नसते.

तुम्ही पाहुणे असाल तर?

बाकावर बसून राहा. त्यात काही गैर नाही, तुमच्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही. कॅथलिक लोकही कधीकधी आपापल्या कारणाने बसूनच राहतात. काही चर्चमध्ये रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरले की धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. पण ही प्रथा सगळीकडे नाही, म्हणून यजमानांना आधी विचारा. चुकून चकती हातात आलीच, तर खिशात टाकू नका, फोटो काढू नका. शांतपणे धर्मगुरूंना परत द्या.

पण खरी अडचण रांगेच्या आतच आहे

हे नियम फक्त बाहेरच्यांना माहीत नाहीत, असं समजू नका. २०१९ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेतल्या कॅथलिकांना विचारलं, ही भाकर तुम्ही काय मानता? ख्रिस्ताचं शरीर, असं म्हणणारे निघाले ३१ टक्के. ६९ टक्के म्हणाले, हे नुसतं प्रतीक आहे.

त्याहून महत्त्वाचा आकडा याच्या पोटात आहे. चर्च काय शिकवतं हे ठाऊक असून ते न मानणारे होते २२ टक्के. ४३ टक्के लोकांना मात्र वाटत होतं की चर्चसुद्धा याला प्रतीकच मानतं. म्हणजे सर्वात मोठा गट नाकारणाऱ्यांचा नव्हता, त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. प्रश्नाची भाषा बदलून झालेल्या नंतरच्या पाहणीत चित्र इतकं वाईट दिसलं नाही, हेही खरं. पण तोवर बिशप हादरले होते. तीन वर्षांची मोहीम आखली गेली आणि जुलै २०२४ मध्ये इंडियानापोलिस शहरात मोठं राष्ट्रीय अधिवेशन भरलं.

दरम्यान तिथे दुसराच वाद पेटला होता. गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा देणाऱ्या कॅथलिक नेत्यांना कम्युनियन द्यावं का? मे २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी नॅन्सी पेलोसी यांना ते नाकारलं. तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी मात्र, आपण आजवर कुणालाही कम्युनियन नाकारलेलं नाही, असं पत्रकारांना सांगितलं होतं. संहितेतलं एक कलम उघड आणि गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्याला कम्युनियन देऊ नये असं सांगतं. ते कुणाला, कधी लावायचं यावर बिशपांमध्येही एकमत नाही.

अपुऱ्या माहितीची किंमत कोण मोजतं?

आपल्याकडची उदाहरणं टीव्हीवर येत नाहीत, घरात राहतात. घटस्फोट झाला म्हणजे कम्युनियन बंद, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. नुसत्या घटस्फोटाने कुणाला मनाई होत नाही. चर्चने आधीचं लग्न रद्दबातल ठरवलेलं नसताना दुसरं लग्न केलं, तर अडचण येते. त्या बाबतीतही २०१६ नंतर धर्मगुरूंनी प्रत्येकाची परिस्थिती वेगवेगळी समजून घ्यावी, यावर भर आहे. म्हणजे नवऱ्याने सोडलेली एखादी बाई वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहत असेल, तर ते तिला कुणी नियम नीट न सांगितल्यामुळे असू शकतं.

आंतरधर्मीय लग्नाचंही तसंच. कॅथलिक मुलीने बिशपांची परवानगी घेऊन, चर्चच्या रीतीने हिंदू मुलाशी लग्न केलं, तर तिचं कम्युनियन थांबत नाही. परवानगीशिवाय फक्त रजिस्टर लग्न केलं असेल, तर चर्च ते लग्न धरत नाही आणि प्रश्न उभा राहतो. पण तोही धर्मगुरूंशी बोलून मार्गी लावता येतो. हे न कळल्यामुळे कितीतरी जणांचं चर्चशी नातं तुटतं, तेही चर्चने तोडलेलं नसताना.

शिकवायचं, ते आपल्या भाषेत

या शिकवणीला कॅथलिक 'धर्मशिक्षण' म्हणतात, आणि महाराष्ट्र-गोव्यात ती नवी नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. पोर्तुगीज राजवटीत धर्मांतरं कोणत्या परिस्थितीत झाली, हा वेगळा आणि कडवट इतिहास आहे. पण ख्रिस्ती झालेल्यांना नवा धर्म त्यांच्या भाषेत कळायला हवा, हे स्टीफन्सने ओळखलं. त्याने मराठी ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये राशोल इथे छापलं गेलं.

१९१० मध्ये दहावे पोप पायस यांनी प्रथम कम्युनियनचं वय सातच्या आसपास आणलं. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना दहा, बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबावं लागे. १९६४ मध्ये तर याच विषयावरची जागतिक युखरिस्तिक काँग्रेस मुंबईत ओव्हल मैदानावर भरली आणि तिच्यासाठी सहावे पोप पॉल आले. भारतात आलेले ते पहिले पोप.

वय खाली आलं, म्हणजे शिकवण्याची जबाबदारी वाढली. कायदेसंहिता ती आधी आईवडिलांवर टाकते, मग धर्मगुरूंवर. सात वर्षांच्या मुलाला प्रार्थना पाठ करून घेणं सोपं असतं. पांढरा पोशाख, फोटो, केक हेही होतं. पण तेच मूल पंचविशीत दुसऱ्या धर्माच्या जोडीदाराशी लग्न करतं, पस्तिशीत घटस्फोट घेतं किंवा मित्राला चर्चमध्ये घेऊन येतं, तेव्हा सातव्या वर्षीची शिकवणी पुरत नाही. त्याला मोठ्या माणसाची उत्तरं लागतात, आणि ती द्यायला कुणीतरी समोर असावं लागतं.