तापीच्या बुडबुड्यांत काय असतं?

मुलताईपासून अरबी समुद्रापर्यंत तापीची लांबी सुमारे ७२४ किलोमीटर. समुद्र गाठण्याआधी सुरतेत सिंगणपोरच्या बंधाऱ्याशी ती अडते. वर साठलेलं गोडं पाणी, खाली भरती-ओहोटीचं खारं.

वरच्या संथ पाण्यात जलपर्णी माजते. ती मरून, कुजून तळाला बसते. सांडपाण्याचा गाळ त्यात भर घालतो. उष्ण पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो आणि असलेला कुजण्यात खर्च होतो, त्यामुळे तळाच्या चिखलात तो उरत नाही. तिथले सूक्ष्मजीव मग मिथेन तयार करतात. पाण्यावर फुटणाऱ्या बुडबुड्यांतून तो थेट हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक!

बंधाऱ्याखाली गणित बदलतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर. त्यावर जगणारे जिवाणू मिथेनवाल्यांचं अन्न आधीच फस्त करतात. म्हणून खारट गाळातून सहसा मिथेन कमी निघतो.

तिसरा हरितगृह वायू नायट्रस ऑक्साइड, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक. खानदेशातल्या केळी-कपाशीला घातलेल्या खतातलं जे नायट्रेट पिकाला लागत नाही, ते पावसाबरोबर नदीत उतरतं आणि त्यातून हा वायू बनतो. अर्थात, दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. शहरी सांडपाण्यातही नायट्रोजन कमी नसतो.

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) हरितगृह वायू मोजण्याच्या २०१९ च्या सुधारित पद्धतीत जलाशयांतल्या मिथेनचाही हिशेब धरला आहे. तापीवरच्या उकाईसारखे जलाशय त्यात येतात.