कमाई थांबली तर घर किती दिवस तगेल?

दलित वस्तीच्या आर्थिक स्थितीची चर्चा आपल्याकडे बहुधा उत्पन्नावरून होते. मजुरी किती, पगार किती, महिन्यातून काम किती दिवस, असे आपण विचारतो. हे प्रश्न आवश्यकच आहेत. पण त्यांच्या पलीकडचा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. उद्यापासून घरात एक पैसाही आला नाही, तर हे घर कुणापुढे हात न पसरता किती दिवस तगेल? या प्रश्नाचे उत्तर रुपयांत येत नाही, दिवसांत येते. आणि जेवढे दिवस घर तगते, तेवढेच दिवस त्या घरातला माणूस मालकाला, सावकाराला किंवा गावाला ‘नाही’ म्हणू शकतो. म्हणून हा हिशेब अर्थशास्त्राचा जेवढा आहे, तेवढाच स्वातंत्र्याचाही आहे.

हा संबंध बाबासाहेबांनी फार पूर्वी स्पष्ट केला होता. 1947 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत हक्कांच्या चर्चेत बेकाराचा प्रश्न आणला. संघटनेत सामील व्हायचे नाही या अटीवर बेकार माणसाला काम देऊ केले, तर तो काम निवडील की हक्क? उपासमारीची, घर जाण्याची आणि असलेली थोडीफार पुंजी संपण्याची भीती इतकी मोठी असते, की माणूस हक्क सोडून देतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हक्क घटनेत लिहिलेले असले तरी ते वापरण्यासाठी घरात काही दिवसांचे धान्य लागते, हा त्याचा सरळ अर्थ.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. रीत सोपी आहे. लगेच हाती येऊ शकेल अशी पुंजी मोजायची, त्यातून तातडीची देणी वजा करायची आणि उरलेल्या रकमेला रोजच्या अटळ खर्चाने भागायचे. जो आकडा येईल तेवढे दिवस.

समजा, शहरातल्या झोपडपट्टीत पाच माणसांचे एक घर आहे. घरात रोख 3,000, बचत गटात 4,000 आणि बँकेत 5,000 रुपये आहेत, एकूण 12,000. किराणा दुकानाची उधारी 2,000. उरले 10,000. रेशनचे धान्य धरूनही बाजारहाट, रॉकेल-गॅस मिळून रोजचे 180 रुपये, महिना 3,000 भाडे म्हणजे रोजचे 100, आणि म्हाताऱ्या माणसाच्या औषधाचे रोजचे 20. एकूण 300. भागाकार केला तर 33 दिवस येतात. पण या घराने कर्ज घेतले आहे आणि त्याचा महिन्याचा हप्ता 1,800 रुपये आहे. कमाई थांबली म्हणून हप्ता थांबत नाही. रोजचा खर्च 360 झाला आणि 33 चे 27 दिवस झाले.

याच शहरात दुसरे घर घ्या. त्याच्याही हाती देणी वजा जाता 10,000 रुपयेच आहेत. पण खोली स्वतःची, कर्ज नाही आणि गावच्या शेतातून वर्षाचे धान्य येते. बाजारहाटाला रोज 90 आणि औषधाला 20 धरले, तर हे घर 90 दिवस तगते. दोन्ही घरांची शिल्लक सारखीच, पण एक महिनाभरही टिकत नाही आणि दुसरे तीन महिने टिकते. हा फरक काटकसरीचा नाही. तो घर, जमीन आणि कर्ज यांचा आहे, आणि या तिन्ही गोष्टींची वाटणी आपल्या समाजात जातीनुसार झालेली आहे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असा उपदेश दलित वस्तीत येऊन करणाऱ्यांनी अंथरूण कुणाकडे किती आहे, हे आधी मोजावे.

हा हिशेब करताना तीन गोष्टींचे भान ठेवले पाहिजे.

पहिली गोष्ट, सगळी मालमत्ता म्हणजे पुंजी नव्हे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2019 सालच्या कर्ज व गुंतवणूक पाहणीनुसार ग्रामीण भारतातील कुटुंबांच्या एकूण मालमत्तेत जमीन आणि इमारती यांचाच वाटा सुमारे 91 टक्के आहे. ठेवींचा वाटा जेमतेम 5 टक्के. जमीन आठवड्यात विकून भाकरी करता येत नाही हे खरे. पण जमीनवाल्याला तिच्यावर कर्ज मिळते, दुकानदार उधार देतो, धान्य घरात येते. ज्याला जमीन नाही, त्याच्या वाट्याला या आकड्यातला मोठा भाग येतच नाही. गायरानावर किंवा सरकारी जागेवर बांधलेल्या, कागदपत्र नसलेल्या घरावर कोणती बँक कर्ज देणार?

दुसरी गोष्ट, संकट एका घरावर येते तेव्हा आणि साऱ्या वस्तीवर येते तेव्हा हिशेब वेगळा होतो. एका घरात आजारपण आले तर भिशी उपयोगी पडते, शेजारी हातउसने देतात, शेळी बऱ्या भावात विकली जाते. पण दुष्काळ पडला, गिरणी बंद झाली, तर सगळ्यांनाच एकदम पैसे हवे असतात. भिशीत पैसे भरायला कुणी उरत नाही. सगळे एकाच बाजारी शेळ्या घेऊन जातात आणि भाव पडतो. मोडीच्या दागिन्याला सोनार मागेल तो भाव द्यावा लागतो. कागदावरचे 27 दिवस अशा वेळी प्रत्यक्षात पंधराही भरत नाहीत.

तिसरी गोष्ट, हा आकडा शून्याच्या खालीही जातो. मराठवाड्यातील ऊसतोड मजूर हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो. ती उचल पावसाळ्यात खाऊन, लग्नाला किंवा दवाखान्याला लावून संपलेली असते. हंगाम सुरू होतो तेव्हा त्या नवराबायकोने पुढच्या कित्येक महिन्यांचे दिवस आधीच विकलेले असतात. हिशेबात कसर निघाली तर पुढच्या हंगामावर बोजा जातो. येथे ‘नाही’ म्हणण्याची सोयच उरत नाही.

इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर काही घटना नव्याने उलगडतात. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. भांडीकुंडी, दागिने गेले. हजारो कामगार गावी परतले. ज्याच्या गावी शेत होते, त्याचा संप शेताने लांबवला. पण ज्याचे गाव म्हणजे वेशीबाहेरची वस्ती आणि भावकीत वाटला गेलेला वतनाचा तुकडा, त्याला गाव किती दिवस पोसणार होते? त्यातही जुना अन्याय होताच. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला होता. बापाला कमी पगार मिळाला, तर मुलाच्या हाती कमी दिवस येतात. अन्याय असा वारशाने चालत येतो.

खेड्यातील बहिष्काराचे मर्मही हेच आहे. मुंबई सरकारने 1928 साली नेमलेल्या स्टार्ट समितीने, बाबासाहेब तिचे सभासद होते, 1930 च्या अहवालात बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचे प्रभावी हत्यार असल्याचे नोंदवले. मजुरी बंद, दुकान बंद, दळण बंद. बहिष्कार घालणाऱ्याला हात उगारावा लागत नाही. त्याला फक्त समोरच्याचे दिवस संपण्याची वाट पाहायची असते. 2015 साली दुरुस्त झालेला अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपल्या हाती आहेत. पण तक्रार, पंचनामा आणि खटला यांना लागणारा काळ घरातल्या धान्यापेक्षा मोठा असला, तर फिर्यादीच मोडतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह या संदर्भात पुन्हा समजून घेतले पाहिजेत. जमिनीची मागणी पिकासाठी होती, तशीच ती पाठीशी काही दिवस असावेत यासाठीही होती.

25 मार्च 2020 रोजी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा हा हिशेब साऱ्या देशाने रस्त्यावर पाहिला. भविष्य निर्वाह निधीतून शिल्लकेच्या 75 टक्के किंवा तीन महिन्यांचे वेतन, यांपैकी कमी असेल ती रक्कम काढण्याची सवलत मिळाली. पण नाका कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला फंड कुठला? जनधन खाते असलेल्या स्त्रियांना महिना 500 रुपये, असे तीन महिने मिळाले. आपल्या उदाहरणातल्या घराचा भाडे, बाजारहाट आणि औषधाचा रोजचा खर्च 300 धरला, तर 1,500 रुपये म्हणजे नव्वद दिवसांतले पाच दिवस. मोफत धान्याने त्या काळात मोठा आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण घरभाडे धान्याने चुकते होत नाही. माणसे चालत गावी निघाली, त्यामागे हा भागाकार होता.

मग करायचे काय? बचत करू नये असे कुणीही म्हणणार नाही. पण बचतीचा उपदेश हा मजुरी, जमीन आणि घर यांच्या मागणीला पर्याय होऊ शकत नाही. हप्ता उतरला, घराचा कागद झाला, थकलेली मजुरी वसूल झाली, की शिल्लक एका पैशाने न वाढताही घराचे दिवस वाढतात. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील वीस-पंचवीस घरांचा हा हिशेब घरच्या माणसांबरोबर बसून, नावे न लिहिता, करावा. कोणत्या घराचे दिवस भाड्याने खाल्ले, कोणाचे हप्त्याने, कोणाचे औषधाने, हे दिसले की वस्तीची पहिली मागणी कोणती असावी हेही दिसते. शिक्षकांनी हा भागाकार वर्गात घ्यावा. गणित म्हणूनही तो चांगला आहे.

आणि कोणताही लढा पुकारण्यापूर्वी पुढाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा. ज्या वस्तीकडे दहा दिवस आहेत, तिच्याकडून महिन्याच्या बहिष्काराला तोंड देण्याची अपेक्षा करणे म्हणजे तिला एकटे सोडणे होय. उरलेल्या वीस दिवसांचे धान्य बाहेरून कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरले, तरच त्या वस्तीला ‘लढा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.