फरशीकाम

घराच्या आतील जमिनीवर चालण्या-बसण्यास सोयीचा, झीज सोसणारा व धुता येण्याजोगा सपाट थर बसविण्याच्या आणि तो दुरुस्त करण्याच्या कामास फरशीकाम म्हणतात. हा थर नैसर्गिक दगडाच्या तासलेल्या चिपांचा, सिमेंटच्या किंवा भाजलेल्या मातीच्या लाद्यांचा अथवा जागेवरच ओतलेल्या काँक्रीटचा (कोबा) असतो. ‘फरशी’ हा शब्द ‘अंथरलेली वस्तू’ या अर्थाच्या ‘फर्श’ या अरबी शब्दापासून फार्सीच्या द्वारे मराठीत आला आहे.

फरशीचे आयुष्य तिच्या पृष्ठभागापेक्षा तिच्याखालील भराव व जमीन यांवर अधिक अवलंबून असते. काळ्या मातीच्या प्रदेशात ही गोष्ट विशेषेकरून प्रत्ययास येते. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील अकलूज हे नीरा नदीकाठचे शहर अशा प्रदेशाचे चांगले उदाहरण आहे. येथील हवामान कोरडे असून पाऊस थोडा व अनियमित असतो. मात्र नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर उसाची शेती होते. त्यामुळे एकाच परिसरात उन्हाळ्यात भेगाळणारी कोरडी जमीन व बारमाही ओलीची जमीन अशा दोन्ही प्रकारच्या जमिनींवर घरे उभी असतात. प्रस्तुत नोंदीत फरशीकामाची सर्वसामान्य माहिती या प्रदेशातील घरे डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

इतिहास : भाजलेल्या लाद्यांची जमीन भारतात सिंधू संस्कृतीच्या काळापासून आढळते. राजस्थानातील कालीबंगा येथील उत्खननात एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांची नक्षी असलेल्या लाद्यांची जमीन मिळाली आहे. दख्खनच्या पठारावर मात्र सामान्य घरांतील जमीन दीर्घकाळ मातीचीच होती. मुरूम व माती पसरून, पाणी शिंपडून धुमसाने ठोकीत. नंतर चोपणीने चोपून गुळगुळीत करीत व शेणाने सारवीत. ही जमीन दर काही दिवसांनी सारवावी लागे; पण खचली वा भेगाळली, तर घरच्या माणसांनाच ती दुरुस्त करता येई.

अकलूजचा परिसर दख्खन ट्रॅप या बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात मोडतो. बेसाल्ट पायासाठी व भिंतींसाठी उत्तम असला, तरी त्याच्या पातळ चिपा सहज निघत नाहीत. याउलट कर्नाटकातील शहाबाद व वाडी या भागांत भीमा खोऱ्यातील चुनखडकाचे थर आडवे पसरलेले असून ते पातळ पापुद्र्यांसारखे सुटतात. मुंबईहून सोलापूरमार्गे जाणारा लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचला. त्यावरील शहाबाद स्थानकामुळे या दगडाची वाहतूक सुलभ झाली व ‘शहाबादी’ फरशी सोलापूर जिल्ह्यातील घराघरांत पोहोचली.

सिमेंटच्या लाद्या विसाव्या शतकात रूढ झाल्या. फेरोजशा सिधवा यांनी १९२२ मध्ये मुंबईत स्थापिलेली भारत फ्लोअरिंग टाइल्स ही या व्यवसायातील आद्य भारतीय कंपन्यांपैकी एक होय. संगमरवरी खड्यांच्या (मोझेइक) लाद्या स्वातंत्र्योत्तर काळात मध्यमवर्गीय घरांचे लक्षण ठरल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून गुजरातमधील मोरबी येथे मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या सिरॅमिक व व्हिट्रिफाइड लाद्यांनी त्यांची जागा बव्हंशी घेतली.

प्रकार : (१) शहाबादी : करड्या वा निळसर रंगाची, स्वस्त व उन्हाळ्यात थंड राहणारी फरशी. जाडी साधारणतः २५ ते ४० मिमी. असते. ती चुनखडकाची असल्याने लिंबू, चिंच, व्हिनेगर व स्वच्छतागृहांसाठी मिळणारे तीव्र अम्ल यांनी तिच्यावर कायमचे डाग पडतात. राजस्थानातील कोटा फरशीही चुनखडकाचीच असून ती घासून चांगली चकाकते. (२) मोझेइक : सिमेंट व संगमरवरी खडे यांच्या दाबून घडविलेल्या लाद्या. २०, २५ व ३० सेंमी. बाजूच्या चौरस लाद्यांची जाडी अनुक्रमे २०, २२ व २५ मिमी. असते. झिजल्यावर पुन्हा घासून त्यांना नवी झिलई देता येते. (३) सिरॅमिक : भाजलेल्या मातीच्या, वर काचेसारखा लुकण असलेल्या लाद्या. भिंतीसाठी केलेल्या लाद्या सच्छिद्र व नाजूक असल्याने जमिनीवर वापरीत नाहीत. (४) व्हिट्रिफाइड : अतिउच्च तापमानास भाजलेल्या घट्ट लाद्या. त्यांचे जलशोषण साधारणतः ०·५ टक्क्याहून कमी असते. त्या टिकाऊ असल्या, तरी पाणी शोषत नसल्याने साध्या सिमेंटच्या मसाल्याशी त्यांची पकड कमी बसते. (५) कोबा : जागेवर ओतलेल्या काँक्रीटची जमीन. मोठ्या खोलीत ती एकसंध न ओतता पट्ट्यांनी चौकोन पाडून ओततात. त्यामुळे आकुंचनाच्या भेगा ठरावीक रेषेतच राहतात.

काळ्या मातीचे वर्तन : काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या खनिजाचे प्रमाण पुष्कळ असते. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की, माती फुगते व पाणी निघून गेले की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या रुंद भेगा हे याचेच दृश्य रूप होय. घराच्या मध्यभागाखालील माती सावलीत झाकली गेल्याने कालांतराने ओल धरते व फुगते. कडेची माती मात्र ऋतुमानाप्रमाणे सुकते व भिजते. परिणामी खोलीचा मध्य उचलला जातो किंवा भिंतीलगतची फरशी खचते. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेल्या स्थूणांचा पाया विकसित केला. या स्थूणा सु. ३·५ मी. वा अधिक खोल, म्हणजे जेथे ओलीत फारसा फरक पडत नाही तेथपर्यंत नेतात. तथापि अशा पायाने केवळ भिंती स्थिर राहतात. फरशी जोत्यातील भरावावरच टेकलेली असते. म्हणून घर न हलताही फरशी हलू शकते.

पूर्वतयारी : जोत्याच्या आतील काळी माती शक्य तितकी काढून टाकतात व तेथे न फुगणारा, चाळलेला मुरूम भरतात. पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती फुकट मिळते म्हणून तीच जोत्यात भरणे, ही या प्रदेशातील सर्वांत महाग पडणारी काटकसर होय. मुरूम एकदम न ओतता सु. १५ सेंमी. जाडीच्या थरांनी पसरतात. प्रत्येक थरावर पाणी मारून तो धुमसाने ठोकतात. शेवटच्या थरावर वाळवीप्रतिबंधक द्रव्य फवारून घेणे हितावह असते. त्यावर सिमेंट, वाळू व खडी १ : ४ : ८ या प्रमाणात घेऊन सु. १० सेंमी. जाडीचा काँक्रीटचा थर देतात. जेथे कालव्यामुळे भूजल वर आलेले असते, तेथे काँक्रीटखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात. अन्यथा पाण्याबरोबर क्षार वर चढून सांध्यांतून पांढरा लोणा फुटतो.

बसविण्याची पद्धती : प्रथम खोलीचा काटकोन तपासतात. एका भिंतीवर ३ मी. व लगतच्या भिंतीवर ४ मी. अंतरावर खुणा केल्यास त्यांमधील कर्ण ५ मी. भरला पाहिजे. या मापाच्या १२ चौ. मी. खोलीस ३० सेंमी. बाजूच्या सु. १३३ लाद्या लागतात. कापाकापी व फूटतूट यांसाठी दहा टक्के जादा धरून सु. १४७ आणतात. एकाच भट्टीच्या लाद्यांची छटा सारखी असते, म्हणून सर्व लाद्या एकाच वेळी घेणे व उरलेल्या पुढील दुरुस्तीसाठी जपून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने सर्व भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा करतात. काँक्रीटचा थर ओला करून त्यावर सिमेंट व वाळू यांचा १ : ६ प्रमाणातील मसाला (गवंडी यास ‘माल’ म्हणतात) सु. २५ मिमी. जाडीचा पसरतात. सच्छिद्र लाद्या आधी पाण्यात बुडवून ठेवतात. तसे न केल्यास त्या मसाल्यातील पाणी शोषून घेतात व सिमेंट नीट घट्ट होत नाही. मसाल्यावर सिमेंटचे दाट पाणी ओतून लादी ठेवतात, लाकडी हातोडीने ठोकून दोरीच्या पातळीस आणतात व पाणसळीने तपासतात. कोपऱ्यांवर मसाल्याचे गोळे ठेवून मध्य पोकळ सोडण्याची पद्धत झटपट असली, तरी सदोष आहे. जड वस्तू पडताच अशी लादी फुटते. व्हिट्रिफाइड लाद्यांसाठी समतल केलेल्या थरावर दातेरी पट्टीने विशिष्ट चिकटद्रव्य पसरून त्या बसवितात.

दोन लाद्यांत किमान २ मिमी. फट व भिंतीलगत ८ ते १० मिमी. मोकळी जागा सोडतात. ही जागा भिंतीच्या तळपट्टीखाली झाकली जाते. लाद्या उष्णतेने व ओलीने प्रसरण पावतात. फट नसल्यास त्या एकमेकींना रेटतात व उन्हाळ्यात एखाद्या दिवशी मोठा आवाज होऊन तंबूसारख्या वर उचलल्या जातात. न्हाणीघरात जमिनीस मोरीच्या दिशेने दर मीटरला सु. १·५ ते २ सेंमी. उतार देतात व खडबडीत पृष्ठभागाच्या लाद्या वापरतात. ओल्या गुळगुळीत फरशीवरून घसरणे हे घरातील वृद्धांच्या अस्थिभंगाचे एक प्रमुख कारण आहे. सिमेंटच्या मसाल्यावर बसविलेल्या फरशीवर सु. सात दिवस पाणी मारून ती ओलसर ठेवतात. मोझेइकची घासाई त्यानंतरच करतात.

दोषनिदान व दुरुस्ती : फुटलेली लादी बदलण्यापूर्वी ती का फुटली, हे ठरविणे आवश्यक असते. नाण्याने किंवा लाकडी मुठीने ठोकल्यास पक्की बसलेली लादी घट्ट आवाज देते व सुटलेली बद्द वाजते. एकच लादी तडकली असेल, तर आघात किंवा खालील पोकळी हे कारण संभवते. एकच भेग अनेक लाद्यांतून सलग जात असेल, तर दोष खालच्या थरात असतो. अशी भेग वैशाखात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल, तर ती काळ्या मातीच्या हालचालीची असते. तिच्या दोन्ही बाजूंस खुणा करून वर्षभर अंतर मोजल्यास संशय फिटतो. सतत एकाच दिशेने वाढणारी भेग भराव खचल्याचे किंवा पाण्याचा नळ गळत असल्याचे सुचविते. ओल आहे की नाही हे पाहण्यासाठी प्लास्टिकचा कागद कडा चिकटवून फरशीवर एक दिवस ठेवतात. त्याच्या खालच्या बाजूस थेंब जमल्यास ओल जमिनीतून येते.

एकच लादी बदलताना प्रथम तिच्या चारही बाजूंचे सांधे पातळ पात्याने मोकळे करतात, म्हणजे शेजारच्या लाद्यांना धक्का बसत नाही. मग मध्यापासून कडेकडे छिन्नीने ती फोडून काढतात, जुना मसाला सु. २ ते ३ सेंमी. खोल खरवडतात, खड्डा झाडून ओला करतात व नवी लादी बसवितात. सरळ पट्टी आडवी ठेवून ती शेजारच्या लाद्यांच्या पातळीत असल्याची खात्री करतात. सांधे दुसऱ्या दिवशी भरतात व तोवर तिच्यावर पाय देत नाहीत. शहाबादी फरशी न फुटता नुसतीच सुटली असेल, तर ती उचलून, खालचा भराव ठोकून तीच पुन्हा बसविता येते.

मातीच्या हालचालीने बिघडलेल्या फरशीत केवळ लाद्या बदलल्यास दोन-तीन ऋतूंत पुन्हा तडे जातात. अशा वेळी आधी घराबाहेरचे काम हाती घेतात : भिंतींभोवती सु. १ मी. रुंदीचा, बाहेरच्या बाजूस उतार असलेला फरसबंदीचा पट्टा करणे. छपराचे व मोरीचे पाणी नळाने दूर नेणे. बागेचे पाणी भिंतीलगत मुरू न देणे. आणि जमिनीतील ओल शोषणारी मोठी झाडे भिंतीजवळ न लावणे. या उपायांनी मातीतील ओल वर्षभर सारखी राहते व हालचाल मंदावते. एक-दोन ऋतू पाहून हालचाल थांबल्यावर फरशी उखडून, भराव बदलून नवी बसवितात.

दक्षता : लाद्या व दगड कोरड्या कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. ते वर्षानुवर्षे फुप्फुसात साठल्यास सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो. याचा धोका घरमालकापेक्षा रोज हे काम करणाऱ्या कारागिरास अधिक असतो. पाण्याची धार सोडून कापणे व नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधणे हे त्यावरील उपाय होत. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्याने हातापायांची कातडी भाजते. म्हणून रबरी हातमोजे व बूट वापरतात आणि कातडीला लागलेला मसाला लगेच भरपूर पाण्याने धुतात.

निगा : फरशी साध्या पाण्याने किंवा सौम्य साबणाने पुसणे पुरेसे असते. अम्लाने शहाबादी व मोझेइक फरशी झिजते आणि सर्वच फरश्यांचे सिमेंटचे सांधे पोकळ होतात. रिकामे झालेले सांधे वेळीच भरल्यास पाणी खालच्या भरावापर्यंत पोहोचत नाही आणि काळ्या मातीच्या प्रदेशातही फरशी दीर्घकाळ टिकते.