कट मारल्याच्या कारणावरून

आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी वरचेवर येते. गाव बदलतं, मथळा तोच असतं तसा राहतो : 'कट मारल्याच्या कारणावरून हाणामारी.' कवीनं थोडक्यात सांगावं म्हणतात; या चार शब्दांत तर कुणाची तरी अख्खी संध्याकाळ असते. मी ही बातमी वाचून पान उलटत असे. एकदा तिच्यात माझंच नाव यायचं थोडक्यात राहिलं, म्हणून आज बोलतो आहे.

वाळूजचा रस्ता म्हणजे आपला नगर रोड. 1985 मध्ये इथं बजाजचा कारखाना सुरू झाला आणि देशभर धावणाऱ्या मोटारसायकली, रिक्षा इथून बाहेर पडू लागल्या. जिथं गाड्या बनतात तिथं त्या चालवायच्या कशा हे कुणी सांगायला नको, असं बाहेरच्याला वाटेल. त्यानं शिफ्ट सुटताना पंढरपूरच्या तिरंगा चौकात उभं राहून पाहावं. हे आपलं वाळूजचं पंढरपूर, आषाढीला दिंड्या येतात ते. त्या दिवशी याच रस्त्यावर माणसं ओळ धरून चालतात, मागचा पुढच्याच्या टाचेवर पाय देत नाही. बाकीच्या दिवशी कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांच्या फटीफटीतून डब्याची पिशवी अडकवलेल्या मोटारसायकली.

अशाच एका संध्याकाळी मी शहरातून घरी येत होतो. शेजारी बायको. पुढं एक टेम्पो बंद पडलेला. मी इंडिकेटर दिला आणि त्याच क्षणी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. मागून करकचून ब्रेक वाजला. मोटारसायकलवरचा एक पोरगा पडता पडता पाय टेकून सावरला आणि पुढं येऊन गाडी आडवी लावली. "ओ चाचा, दिसत नाही का?"

काका नाही, चाचा. माझी दाढी त्याला दिसली होती. माणसं जमू लागली. आमच्याकडे भांडण इंडिकेटरचं असतं तोवर ते मिटतं. गर्दीतून कुणी 'नाव काय याचं?' असं विचारलं, की ते इंडिकेटरचं राहत नाही. दोन्हीकडच्या गर्दीचं हे असंच आहे. मी दोन्ही पाहिल्या आहेत.

'इंडिकेटर दिला होता ना!' हे माझ्या ओठांवर आलं होतं. खरंही होतं. पण मी काच खाली केली आणि म्हणालो, "चूक माझी झाली, बेटा. लागलं का कुठं?" तेव्हा दिसलं, हँडलवरचे त्याचे हात थरथरत होते. "मेलो असतो ना," तो म्हणाला. आवाज उतरला होता. पाहण्यासारखं काही उरलं नाही म्हणून माणसंही पांगली.

चूक नेमकी काय होती, ते मी नंतर समजून घेतलं. इंडिकेटर म्हणजे मागच्याला केलेली विचारणा. देता देताच वळलो, तर ती विचारणा राहत नाही, नोटीस होते. तीही बजावल्यावर दिलेली. ताशी 60 किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढं येते. मागच्याला दिवा दिसायला, समजायला आणि पाय ब्रेकवर जायला वेळ लागतो. म्हणून आधी आरसा, मग इंडिकेटर, मग दोन-तीन सेकंद थांबणं, मग मान वळवून एक नजर आणि त्यानंतर स्टिअरिंग, तेही हळू. मान वळवायची कारण आरसा सगळं दाखवत नाही. दाराच्या मागं एक तुकडा असा असतो, की त्यात अख्खी मोटारसायकल लपते. माझा पोरगा तिथंच होता.

मोटारसायकलवाल्यांनीही एक खूण ध्यानात ठेवावी. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. अशा जागी रेंगाळू नये, आणि डावीकडच्या फटीत तर मुळीच शिरू नये. ओव्हरटेक केल्यावर मागं टाकलेली गाडी मधल्या आरशात पूर्ण दिसली की मगच आपल्या लेनमध्ये यावं. आधी आलो तर तोच 'कट'. तुटक पांढरी रेघ ओलांडता येते, सलग रेघ नाही. यातलं फारसं नवं नाही. केंद्र सरकारनं 1989 चे रस्त्याचे नियम बाजूला करून 2017 मध्ये नवे आणले, त्यांतही इशारा देऊन, खात्री करून लेन बदला असंच आहे.

आता रागाचं. चालताना धक्का लागला तर आपण मागं वळून हात जोडतो, प्रकरण संपतं. गाडीला चेहरा नाही. तिच्याकडे बोलायला फक्त हॉर्न, आणि 'माफ करा' व 'दाखवतो तुला' हे दोन्ही त्यात सारखेच वाजतात. ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' बंद करा, असं राज्याच्या परिवहन खात्यानं 2015 मध्ये सांगितलं. सवय काही त्यानं गेली नाही. म्हणून चुकलो तर हात वर करावा. एवढी एकच भाषा काचेतून पोचते.

राग आला की उभा असशील तर बस, बसला असशील तर आडवा हो, ही पैगंबरसाहेबांची शिकवण अम्मीनं लहानपणी सांगितली होती. गाडीवाल्याची पंचाईत अशी, की तो आधीच बसलेला आणि आडवं होणं परवडणारं नाही. त्याला मागं राहणं तेवढं जमतं. कुणी चिकटून हॉर्न वाजवत असेल तर डावीकडे होऊन साइड द्यावी. धडा शिकवायला एकदम ब्रेक मारू नये, डोळ्याला डोळा भिडवू नये. तरी तो पाठ सोडत नसेल तर घराकडे वळू नका, एकट्या जागी उतरू नका. पेट्रोलपंप किंवा पोलीस चौकी गाठा, 112 ला फोन लावा.

आणि हे सगळं कशासाठी? 15 किलोमीटर धरा. ताशी 50 नं 18 मिनिटं लागतात, 60 नं 15. वाचली 3 मिनिटं, तीही पुढच्या सिग्नलला जातात.

मी आता इंडिकेटर दिला की तोंडानं मोजतो : एक, दोन, तीन. बायको शेजारी बसून माझ्याबरोबर मोजते. मोटारसायकल दिसली, की ती तीनवर थांबत नाही.