फवारणीचं उरलेलं औषध कुत्र्याला लावू नका



पाऊस सुरू झाल्यापासून बऱ्याच जणांचा एकच फोन येतोय. "साहेब, पिकावरचं औषध उरलंय, कुत्र्याच्या गोचिडांवर मारू का?"

अजिबात नको. ते कातडीतून अंगात भिनतं, वर कुत्रं अंग चाटतं. लाळ गळते, झटके येतात, जीवही जातो. गाई-म्हशींचं गोचिडाचं औषधही अंदाजाने लावू नका. घरात मांजर असेल तर जास्तच जपा. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन मांजराला सोसत नाही.

मग काय करायचं?

✅ गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटाने चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका.

✅ रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसतं कुत्रं साफ करून भागत नाही. फटी बुजवा, त्याच्या बसायच्या जागेचं जुनं पोतं बदला.

✅ गोचिडाचं आणि जंताचं औषध पशुवैद्यकांना विचारून, वजनाप्रमाणेच द्या. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या.

⚠️ कुत्रं खात नाही, अंग तापलंय, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर गोचीडताप असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

⚠️ पिकाचं औषध लावून झालंच असेल, तर हातमोजे घालून साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा.

मी पिकांचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नाही. पण रात्रभर आपलं रान राखणाऱ्या जिवासाठी दवाखान्याची एक चक्कर जड नाही.