मोत्या, लिफ्ट आणि चिकनचे तुकडे



मागच्या वर्षी आमच्या मोत्यावर घर सोडायची वेळ आली होती. दुबईबाहेर वाळवंटात सापडलेला हा कुत्रा लिफ्टचं दार उघडलं की आतल्या माणसांवर भुंकत सुटायचा. तक्रारी झाल्या, बिल्डिंगकडून पत्र आलं. इथे २०१६ च्या संघीय कायद्याने कुत्र्याला पट्टा लागतोच, म्हणून मी पट्टा हिसडायचो, ओरडायचो, एकदा फटकाही दिला (सांगायला लाज वाटते). परिणाम? लिफ्ट आली की मार बसतो, एवढंच तो शिकला आणि गुरगुरायलाही लागला. पावलोवची घंटाच, पण उलटी!

मग ती सुलटी करायला घेतली. रात्री अकराला, गर्दी नसताना, लिफ्टपासून दहा पावलं लांब उभं राहायचं. दार उघडलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा, भुंको वा न भुंको. दार म्हणजे खाऊ, हे डोक्यात बसल्यावर थॉर्नडाइक. १८९८ मध्ये त्याने पेटीत कोंडलेल्या मांजरांवर दाखवलं होतं की ज्या कृतीचं फळ चांगलं, ती टिकते. आता मोत्याने गप्प राहून माझ्याकडे पाहिलं तरच तुकडा, आणि तोही त्याच क्षणी. उशीर झाला की बक्षीस भलत्याच गोष्टीला जातं. मी घाई करून एकदम लिफ्टजवळ गेलो, तर आठवडाभराची मेहनत पाण्यात.

दोन महिन्यांनी चौथ्या मजल्यावरच्या मल्याळी आजी लिफ्टमधून बाहेर आल्या. मोत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे. आजींनी विचारलं, "खिशात आहे तरी काय?"